वऱ्हाडातून लडाखला स्वतःच्या गाडीनं: साठीनंतर हा प्रवास कसा आखायचा?

अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटर उंचीवर आहे. अकोला त्याहून थोडं खाली, २८० मीटरच्या आसपास. लेह मात्र ३,५०० मीटरवर आहे. पँगाँग सरोवर ४,२०० मीटरच्या वर आणि तिथं जाताना लागणारी चांग ला ही खिंड तर ५,३०० मीटरच्याही वर.

नोकरी संपली, मुलं पुण्या-बंगळुरूला स्थिरावली, गाडी दारात उभी आहे. मग 'एकदा गाडीनं लडाख करून येऊ' असं ठरवणारी जोडपी आता अमरावती-अकोल्यातही दिसतात. त्यांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा किलोमीटर, डिझेल आणि हॉटेलबद्दल असतो. पण हा प्रवास अवघड होतो तो अंतरामुळे नाही, उंचीमुळे. आणि उंचीवरचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे वेळ. दहा दिवसांची रजा काढून धावणाऱ्या तरुणांकडे तो नसतो, निवृत्त माणसांकडे असतो. म्हणून साठीनंतरची लडाख वारी शक्य आहे, फक्त ती वेगळ्या पद्धतीनं आखावी लागते.

अठराशे किलोमीटर जाऊनही उंची तीच

वऱ्हाडातून निघणाऱ्यांसाठी सुरुवात सोपी आहे. अकोला-अमरावती हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा पट्टा. याच पट्ट्यात लोणी ते माना दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किमी लांबीचा एकेरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. अमरावतीहून नागपूर दीडशे किमी. नागपूरला राष्ट्रीय महामार्ग ४४ मिळतो. कन्याकुमारीहून येणारा हा रस्ता थेट श्रीनगरपर्यंत जातो. म्हणजे नागपूर ओलांडलं की काश्मीरपर्यंत एकाच क्रमांकाचा महामार्ग धरून जाता येतं.

नागपूरनंतर पेंचचं जंगल लागतं. तिथं वन्यप्राण्यांना खालून ये-जा करता यावी म्हणून महामार्ग पुलांवर उचलून घेतला आहे. पुढे सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, अंबाला, जालंधर, पठाणकोट आणि जम्मू. अमरावती ते जम्मू हे अंतर साधारण १,८०० किमी भरतं. गंमत म्हणजे जम्मू शहराची उंची तीनशे-सव्वातीनशे मीटर, म्हणजे जवळपास अमरावतीइतकीच. पाच दिवस गाडी चालवली तरी शरीराच्या हिशेबानं माणूस अजून घरीच असतो.

या टप्प्यात थकवा एवढाच शत्रू आहे. दिवसाला ३५० ते ४०० किमी पुरे. सकाळी लवकर निघायचं, दुपारी तीन-चारपर्यंत मुक्काम गाठायचा, रात्री गाडी चालवायची नाही. दर दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटं चालायचं. तासन्‌तास पाय दुमडून बसल्यानं पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो.

उंचीवर शरीराला काय होतं?

'वर ऑक्सिजन कमी असतो' हे अर्धं खरं आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्क्यांच्या आसपासच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक आत जाणारा ऑक्सिजन घटतो. समुद्रसपाटीला जेवढा मिळतो, त्याच्या तुलनेत लेहला सुमारे ६५ टक्के, पँगाँगला ६० टक्के आणि ५,३०० मीटरवरच्या खिंडीत जेमतेम निम्मा.

शरीर यावर मार्ग काढतं. श्वास जलद होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडं रक्तातलं आम्ल-अल्क संतुलन बदलतात. पण त्याला काही दिवस लागतात. तेवढा वेळ न देता वर गेलं की उंचीचा आजार होतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, भूक न लागणं, झोप न येणं ही त्याची सुरुवातीची लक्षणं. डॉक्टर त्याला 'एएमएस' म्हणतात. विश्रांती घेतली तर तो बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतरतो.

धोक्याचे प्रकार दोन. पहिल्यात फुफ्फुसात पाणी साठतं. बसल्या जागी दम लागतो, खोकला थांबत नाही, ओठ निळसर पडतात. दुसऱ्यात मेंदूला सूज येते. माणूस बरळतो, तोल जातो, सरळ रेषेत चालता येत नाही. दोन्हींत काही तासांत जीव जाऊ शकतो आणि दोन्हींवरचा पहिला उपाय एकच: ताबडतोब खाली उतरणं.

जगभरचे डॉक्टर एक साधा नियम सांगतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. यात महत्त्वाचा शब्द 'झोपण्याची' हा आहे. दिवसा उंच खिंड ओलांडून रात्री खाली उतरलं तर ते शरीराला चालतं. उंचावर झोपणं जड जातं.

वय आडवं येतं का?

फक्त साठी उलटली म्हणून उंचीचा आजार जास्त होतो, असं दिसत नाही. तरुण आणि दणकट माणसं घाईनं चढल्यामुळे आजारी पडतात, हे लेहमध्ये नेहमीचं आहे. पण साठीनंतर बरोबर येणारे आजार निर्णायक ठरतात.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, हृदयाची ताकद कमी असेल, बीपी आटोक्यात नसेल, दम्याचा किंवा फुफ्फुसाचा जुना गंभीर आजार असेल, रक्तात हिमोग्लोबिन खूपच कमी असेल, तर हा प्रवास टाळलेला बरा. बीपी आणि मधुमेह औषधांनी नीट आटोक्यात असेल तर अनेकांना जाता येतं. मात्र निघण्याच्या महिना-दीड महिना आधी आपल्या डॉक्टरांकडून ईसीजी, गरज असल्यास टूडी इको किंवा स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. 'आम्ही लडाखला जातोय' एवढं सांगून भागत नाही. 'रात्री ३,५०० मीटरवर झोपणार आहोत आणि दिवसा ५,३०० मीटरपर्यंत जाणार आहोत' असं आकड्यांत सांगावं.

विदर्भातल्या माणसांनी आणखी एक तपासणी विसरू नये. सिकलसेल. हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे त्यांच्यासाठी एवढी उंची धोक्याची आहे. जे केवळ वाहक आहेत त्यांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. त्यामुळे आपण वाहक आहोत हे अनेकांना ठाऊकही नसतं. पण विरळ हवेत वाहकांच्याही प्लीहेला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. डाव्या बरगडीखाली अचानक कळ हे तिचं लक्षण. तपासणी साध्या रक्तचाचणीनं होते आणि सरकारी रुग्णालयांतही मिळते.

उंचीच्या आजाराला आळा घालण्यासाठी अॅसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारातलं डायमॉक्स, दिलं जातं. ते मित्रानं सांगितलं म्हणून घ्यायचं औषध नाही. सल्फा गटाच्या औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा आजार, बीपीसाठी चालू असलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, हे सगळं पाहूनच डॉक्टर ते द्यायचं की नाही ठरवतात. झोपेच्या गोळ्या आणि दारू, दोन्ही पहिल्या काही दिवसांत वर्ज्य. दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गोठणार नाही याची काळजी घ्यावी. रात्री गाडीत ठेवू नये, अंगाजवळच्या पिशवीत ठेवावं. थंडीत आणि विरळ हवेत साखर मोजण्याचं यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं, हेही लक्षात असावं.

श्रीनगरकडून की मनालीकडून?

लेहला जाणारे मुख्य रस्ते दोन. अंतर पाहिलं तर वऱ्हाडातून मनालीचा रस्ता जवळचा. उंची पाहिली तर उत्तर उलटं येतं.

मनाली २,००० मीटरच्या थोडं वर. तिथून ९ किमी लांबीच्या अटल बोगद्यातून लाहौल खोऱ्यात उतरलं की पहिला मुक्काम जिस्पाला, ३,२०० मीटरवर. एका दिवसात हजार मीटरहून जास्त चढ झाला. पुढे खरी अडचण येते. जिस्पाहून लेह सव्वातीनशे किमीहून जास्त आहे आणि मध्ये बारालाचा ला, नकी ला, लाचुंग ला, तांगलांग ला अशा चार उंच खिंडी आहेत. लडाखी भाषेत 'ला' म्हणजे खिंड. एका दिवसात हे करायचं तर बारा तासांहून जास्त गाडी चालवावी लागते. दोन दिवसांत करायचं तर सरचूला ४,२९० मीटरवर किंवा पांगला त्याहूनही उंच झोपावं लागतं. ज्यांचं शरीर अजून रुळलेलं नाही अशा माणसांसाठी दोन्ही पर्याय वाईट. सरचूच्या तंबूत रात्रभर डोकं धरून बसणारे प्रवासी दर मोसमात असतात.

श्रीनगरचा रस्ता पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर, सोनमर्ग २,७०० मीटरच्या वर, कारगिल २,७०० मीटरच्या जरा आत, आल्ची सुमारे ३,१०० मीटर आणि मग लेह ३,५०० मीटर. मध्ये झोजी ला (३,५०० मीटरच्या आसपास) आणि फोटू ला (४,१०८ मीटर) लागतात खऱ्या, पण दोन्ही ओलांडून रात्री खालीच झोपायचं असतं. बहुतेक लोक कारगिलहून थेट लेह गाठतात. साठीच्या जोडप्यांनी मध्ये आल्चीला एक रात्र काढावी. सिंधूकाठचं हे गाव शांत आहे आणि तिथल्या जुन्या बौद्ध मठातली सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं पाहायला घाईनं जाणाऱ्यांना वेळच मिळत नाही.

म्हणून सूत्र असं: जाताना श्रीनगर, येताना मनाली. परतीच्या वेळी शरीर रुळलेलं असतं आणि रस्ता उतरणीचा असतो. मग बारालाचा, सूरजताल आणि लाहौलची मजा घेता येते.

चार आठवड्यांचा ढोबळ आराखडा

पहिले ५ दिवस अमरावती ते जम्मू. सहाव्या दिवशी श्रीनगर, सातवा दिवस विश्रांती. आठवी रात्र सोनमर्ग, नववी कारगिल, दहावी आल्ची. अकराव्या दिवशी लेह. पुढचे दोन पूर्ण दिवस लेहमध्येच, तेही हळूहळू. पहिल्या दिवशी जिने कमी, पाणी भरपूर, लवकर झोप.

त्यानंतर आधी नुब्रा, मग पँगाँग, असा क्रम ठेवावा. नुब्राला जाताना ५,३०० मीटरवरची खारदुंग ला ओलांडावी लागते, पण दिस्कित-हुंदर ही गावं ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षाही खाली आहेत. त्यामुळे झोप चांगली लागते. खिंडीत फोटो काढून पंधरा-वीस मिनिटांत निघायचं. तिथं चहा-मॅगी खात तासभर रेंगाळायचं नाही. पँगाँगला जाताना काठावरच्या तंबूत झोपण्याऐवजी अलीकडच्या तांगत्से गावात मुक्काम केला तर काही शे मीटर वाचतात. शरीर साथ देत असेल तर शेवटी त्सो मोरिरी. ते ४,५०० मीटरवर आहे, म्हणून शेवटी.

लडाखात आठ-नऊ दिवस, मनालीपर्यंत तीन, मनालीहून अमरावती पाच. हिशेब २७ ते २८ दिवसांचा होतो. त्यात दोन दिवस राखीव ठेवावेत, कारण दरड कोसळून रस्ता बंद होणं हा तिथला अपवाद नाही, नेहमीचा प्रकार आहे. सगळं मिळून साडेपाच हजार किमी धरले आणि गाडी लिटरला १५ किमी देत असेल तर ३७० लिटरच्या आसपास इंधन लागेल.

तळी: लोणार पाहिलेल्या माणसाला पँगाँग लवकर कळतं

पँगाँग सुमारे १३५ किमी लांब आहे आणि त्याचा साधारण एक तृतीयांश भाग भारताच्या बाजूला येतो. '३ इडियट्स' मुळे ते घरोघरी पोचलं. पण त्याचं पाणी खारट का, हे अनेकांना कोडं वाटतं. वऱ्हाडातल्या माणसाला ते वाटू नये. बुलडाण्याचं लोणार सरोवर उल्का आदळून बनलं, पँगाँग भूगर्भातल्या हालचालींतून. जन्म वेगळा, पण एक गोष्ट सारखी: दोन्हींत पाणी येतं, बाहेर वाहून जायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात ज्यांनी विहिरीचं मचूळ पाणी प्यायलं आहे त्यांना क्षार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

लेह-मनाली रस्त्याजवळचं त्सो कार हेही असंच खारं तळं. चांगपा मेंढपाळ पूर्वी तिथलं मीठ गोळा करून विकत. २०२० साली लोणार आणि त्सो कार, दोन्ही आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली.

परतीच्या वाटेवरचं सूरजताल मात्र गोड्या पाण्याचं. बारालाचाच्या अगदी खाली, जवळपास ४,९०० मीटरवरचं हे तळं भागा नदीचा उगम मानलं जातं. चंद्रा नदी चंद्रतालकडून येते. दोन्ही तांडी गावाजवळ एकत्र होतात आणि तिथून नदीचं नाव होतं चंद्रभागा. हीच पुढे चिनाब. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे आपली भीमा. ती वेगळी, पण नाव तेच. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी ज्या जिल्ह्यातून पंढरीला जाते, तिथल्या माणसाला तांडीच्या संगमावर थांबावंसं वाटलं तर नवल नाही. जाताना रामबनला पुलावरून जी नदी ओलांडली होती, ती हीच.

चंद्रताल स्वतः मुख्य रस्त्यावर नाही. तिथं जाणारा रस्ता दगडगोट्यांचा आणि ओढ्यांतून जाणारा आहे. कंबरदुखी असलेल्यांनी किंवा छोटी गाडी असलेल्यांनी त्याचा हट्ट धरू नये.

हिमनद्या: गाडीतून दिसणाऱ्या कोणत्या?

हिमनदी म्हणजे साठलेला बर्फ नव्हे. वर्षानुवर्षं दाबला जाऊन घट्ट झालेला आणि स्वतःच्या वजनानं उताराकडे अगदी हळू सरकणारा बर्फ म्हणजे हिमनदी. ती पाहायला ट्रेक करावाच लागतो असं नाही.

सोनमर्गला थाजीवास हिमनदी घोड्यावरून किंवा पायी जवळून पाहता येते. कारगिलहून सुरू खोऱ्यात गेलं की पार्काचिक हिमनदी रस्त्यावरून दिसते. सकाळी लवकर निघून संध्याकाळी कारगिलला परतता येतं, म्हणजे झोप पुन्हा खालीच. याच रस्त्यानं पुढे ४,४०० मीटरवरच्या पेन्सी ला खिंडीतून द्रांग-द्रुंग ही वीस किमीहून लांब हिमनदी समोर पसरलेली दिसते. गाडीतून उतरून इतकी मोठी हिमनदी पाहायला मिळणाऱ्या जागा भारतात थोड्याच आहेत. पण तिच्यासाठी वाटेत मुक्काम करावा लागतो आणि परतीसह दोन-तीन दिवस जादा लागतात. नुब्रा खोऱ्यातली नदी ज्या सियाचीनमधून येते, ती ७६ किमीची हिमनदी तर लष्करी कारणांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे.

या हिमनद्या मागे सरकत आहेत. देहरादूनच्या वाडिया संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पार्काचिकचा अभ्यास केला. १९७१ ते १९९९ या काळात ती वर्षाला सुमारे २ मीटर मागे सरत होती, १९९९ ते २०२१ मध्ये हा वेग १२ मीटरवर गेला. वितळलेल्या जागी नवी तळी तयार होऊ शकतात, असंही त्यांनी सांगितलं. अशी तळी फुटली की काय होतं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमनं पाहिलं. तिथं दक्षिण ल्होनाक तळं फुटलं आणि तीस्तेवरचं धरण वाहून गेलं.

लडाखची शेती याच वितळणाऱ्या पाण्यावर चालते. पेरणीच्या वेळी पाणी मिळावं म्हणून लेहचे अभियंते चेवांग नोर्फेल यांनी हिवाळ्यात ओढे अडवून कृत्रिम हिमनद्या बनवायला सुरुवात केली आणि निवृत्तीनंतरही हे काम चालू ठेवलं. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे लेहमध्ये गेस्ट हाउसवाले पाणी जपून वापरायला सांगतात तेव्हा त्यामागे कारण असतं.

कधी निघायचं?

मे-जूनमध्ये वऱ्हाड ते दिल्ली हा सगळा पट्टा ४५ अंशांच्या आसपास तापलेला असतो. दिवसभर त्या उन्हात गाडी चालवणं साठीनंतर सोपं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसामुळे जम्मू-श्रीनगर रस्त्यावर आणि हिमाचलात दरडी कोसळतात. शिवाय अमरनाथ यात्रेमुळे वाहतुकीवर निर्बंध असतात. वऱ्हाडातल्या जोडप्यांसाठी सप्टेंबर सगळ्यात बरा. पहिल्या आठवड्यात निघून महिनाअखेर मनालीला पोचावं. त्यानंतर बारालाचाच्या बाजूला बर्फ केव्हाही पडू शकतो. निघण्याआधी आणि प्रवासात रोज रस्त्याची आणि सुरक्षेची ताजी स्थिती स्थानिक पोलीस आणि प्रशासनाच्या सूचनांवरून पाहावी.

कागदपत्रं, फोन आणि गाडी

लायसन्स: पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण केलेलं लायसन्स दर वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं आणि त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. अनेकांचं लायसन्स त्यांच्या नकळत संपलेलं असतं. आधी तारीख पाहा.

गाडीचं वय: दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांबाबतचे नियम बदलत राहिले आहेत. गाडी जुनी असेल तर त्या वेळचा नियम तपासूनच रस्ता ठरवा.

फोन: बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. निदान एका फोनवर पोस्टपेड घ्या. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

परवाने: भारतीय नागरिकांसाठी लडाखच्या सीमाभागातल्या परवान्याचा नियम २०२१ मध्ये शिथिल झाला, पण शुल्क आणि नोंदणी असते. लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर ताजी माहिती पाहा. आधारकार्डाच्या प्रती जवळ ठेवा.

इंधन: मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपाजवळचा 'पुढचा पंप ३६५ किमीवर' हा फलक प्रसिद्ध आहे. परतताना लेह-कारूलाच टाकी भरून घ्या.

गाडी: ब्रेक, टायर, बॅटरी आणि कूलंट शोरूममध्ये दाखवून घ्या. उंचीवर इंजिनाची ताकद कमी होते, टर्बो नसलेल्या गाडीत ते जास्त जाणवतं. घाबरू नका, खालच्या गिअरमध्ये चढवा. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून येऊ नका, गिअरवर उतरा. याची तालीम घरच्या घरी होते: परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट दोन-तीनदा चढून-उतरून पाहा. धुक्यातही. चिखलदरा १,११८ मीटरवर असल्यानं उंचीची सवय तिथं होणार नाही, पण घाटाची होईल.

खाणं: लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ-भात प्रेशर कुकरशिवाय नीट शिजत नाही. चिवडा, दाण्याची चटणी, भाजलेले शेंगदाणे बरोबर असावेत. चार-पाच वेळा थोडं थोडं खाल्लेलं चांगलं.

दोघंच असताना सगळ्यात मोठा प्रश्न

दोघांपैकी एकालाच गाडी चालवता येत असेल आणि नेमका तोच आजारी पडला तर? पँगाँगच्या काठावर रात्री दोन वाजता दम लागला तर खाली कोण नेणार? बहुतेक नियोजनांत या प्रश्नाचं उत्तर नसतं.

उपाय सोपा आहे. स्वतःची गाडी लेहपर्यंत न्यावी. लेहहून नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरी यासाठी स्थानिक चालकासह टॅक्सी करावी. खर्च वाढतो, पण त्या रस्त्यांची आणि हवेची जाण असलेला तिसरा माणूस बरोबर असतो.

पल्स ऑक्सिमीटर ठेवावा, पण केवळ आकड्यावर विसंबू नये. लेहला ८५-९० हा आकडा अनेकांना पहिल्या दिवसांत दिसतो. आकड्यापेक्षा माणूस कसा वागतो ते महत्त्वाचं. आपल्याला त्रास होतोय हे माणूस लपवतो, विशेषतः 'आपल्यामुळे ट्रिपचा विचका नको' म्हणून. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ दोघांनी एकमेकांना चार गोष्टी विचाराव्यात: डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, झोप लागली का, आणि एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावलं सरळ चालता येतं का.

हलकी डोकेदुखी असेल तर वर जायचं नाही, तिथंच थांबायचं. विश्रांतीनंही वाढत असेल तर खाली. बसल्या जागी दम, न थांबणारा खोकला, तोल जाणं किंवा असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन लावून त्याच क्षणी खाली निघायचं आणि रुग्णालय गाठायचं. लेहचं सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय उंचीच्या आजाराचे रुग्ण नेहमी हाताळतं. ऑक्सिजनचा सिलिंडर खाली उतरण्यासाठी वेळ मिळवून देतो, उतरण्याची जागा घेत नाही.

डॉक्टरांनी नको म्हटलं तर?

तर लेहचा हट्ट सोडावा. हिमनदी आणि डोंगरातली तळी त्याहून खालीही आहेत. श्रीनगरला चार दिवस आणि सोनमर्गला थाजीवास पाहून परतलं तर झोप २,८०० मीटरच्या आतच राहते. मनालीहून अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू आणि तिथला छोटा तलाव दिवसात पाहून मनालीला परतता येतं. पण हेही डॉक्टरांना विचारूनच. गुडघे किंवा कंबर त्रास देत असेल तर अर्धा प्रवास रेल्वेनं करून पुढे स्थानिक गाडी करण्यातही कमीपणा नाही.

जे जाणार आहेत त्यांनी मुलांकडे रोजच्या मुक्कामांची यादी, गाडीचा नंबर, विम्याची आणि औषधांची माहिती देऊन ठेवावी. आणि त्या यादीतलं शेवटचं ठिकाण, पँगाँग असो वा त्सो मोरिरी, पेन्सिलनं लिहावं. तिथं पोचायचं की नाही हे अमरावतीत बसून ठरत नाही. ते लेहच्या तिसऱ्या सकाळी, दोघांची तब्येत पाहून ठरतं.